जाता जाता सांगितलेलं

तपासणी झालेली असते, औषधांची चिठ्ठी लिहून झालेली असते. बाई टेबलावरून उतरते, निऱ्या नीट करते, पिशवी उचलते आणि दारापर्यंत जाऊन थबकते. "मॅडम, अजून एक विचारायचं होतं." तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून तीस वर्षं बसल्यावर मला एवढं नक्की कळलंय, की बाई ज्यासाठी आलेली असते ते ह्या वाक्याच्या पुढे असतं. त्याआधीची कंबरदुखी, अशक्तपणा, हातापायांना येणाऱ्या मुंग्या ही सगळी प्रस्तावना.

एक आजी आठवतात. नातसुनेला सातवा लागला होता, तिला घेऊन आल्या होत्या. सोनोग्राफी बघून झाली, बाळाचं वजन विचारून झालं, नातसून बाहेर गेली. आजी दारात उभ्या राहून हसत म्हणाल्या, "माझी पाळी जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आता मधूनच लुगड्याला डाग दिसतोय. म्हातारपणी पुन्हा तरणी झाले की काय मी?" पाळी पूर्ण थांबल्यावर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तरी तो कॅन्सर नाही याची आधी खात्री करायची आणि मगच स्वस्थ बसायचं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर होता, पण पिशवीबाहेर पसरला नव्हता. ऑपरेशन झालं. पणतवाच्या बारशाचे पेढे आजी स्वतः घेऊन आल्या. नातसुनेला दिवस गेले नसते तर त्या दवाखान्याची पायरी चढल्याच नसत्या.

हे पुस्तक दारातल्या अशा प्रश्नांमधून तयार झालं आहे. नाव गर्भारपणाचं असलं तरी निम्मं पुस्तक त्याच्या आधीचं आणि नंतरचं आहे, आणि ते मुद्दाम तसं केलं आहे. कारण आमच्याकडे बाई येते ती बाळासाठी. स्वतःसाठी येत नाही. नऊ महिने घरातले तिला रिक्षा करून आणतात, फाईल सांभाळतात, शहाळं पाजतात. बाळ बाहेर आलं की तीच फाईल कपाटाच्या वर जाते आणि पुढच्या बाळापर्यंत तिथेच राहते. मधल्या काळात तिच्या अंगावरून काय जातं, तिला कुठे दुखतं, हे विचारायला कुणाला सवड नसते. तिलाही नसते.

ही तक्रार जुनी आहे. कल्याणच्या घरातली आनंदीबाई जोशी चौदा वर्षांची असताना बाळंत झाली आणि तिचं मूल दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून ती थेट फिलाडेल्फियाला पोहोचली आणि १८८६ साली डॉक्टर झाली, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. तिचा प्रबंध कशावर होता हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं: प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. परत येऊन एकही रुग्ण नीट तपासण्याआधी, बावीस पूर्ण व्हायच्या आत, १८८७च्या फेब्रुवारीत ती क्षयानं गेली. पुरुष डॉक्टरासमोर बोलता येत नाही म्हणून बायका मरतात, हे तिचं म्हणणं होतं. आज तालुक्यातालुक्यात स्त्री डॉक्टर आहेत. बोलता मात्र अजूनही दारात गेल्यावरच येतं.

आणि उत्तरं देणाऱ्यांचं काय झालं तेही सांगून टाकते. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली तो लढवला बॅरिस्टर आंबेडकरांनी. खटला हरले, दंड भरला, मासिक चालू राहिलं.

गर्भारपणाच्या भागाची सुरुवात मी तारखेपासून केली आहे. "शेवटची पाळी कधी आली?" ह्या प्रश्नावर आमची सगळी इमारत उभी असते. "पोळ्याला," असं उत्तर येतं. "घट बसले त्याच्या आदल्या दिवशी. देवाला शिवता आलं नाही, म्हणून ध्यानात आहे." ज्या घरांत शिवाशिव पाळतात तिथल्या तारखा जास्त अचूक असतात, हे कबूल करायला मला आवडत नाही, पण तसं आहे. पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. २ ऑक्टोबरला आली असेल तर ९ जुलै. झाले २८० दिवस. बरोबर त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. म्हणून तारीख उलटून एक दिवस झाला की घाबरून रात्री अकराला फोन करणाऱ्या आयांसाठी त्या प्रकरणात एक वेगळा परिच्छेद आहे. तो आधी वाचावा, मग फोन करावा.

सोनोग्राफी कितव्या आठवड्यात आणि कशासाठी हे थोडक्यात दिलं आहे: अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यानची, मग अठरा ते विसाव्याच्या आसपास बाळाचे अवयव बघण्याची, पुढच्या गरजेप्रमाणे. "काय आहे?" हा प्रश्न विचारू नका. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. तरीही हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो, आता जरा आडून येतो इतकंच. "कपडे कुठल्या रंगाचे घेऊ, मॅडम?"

मी सर्वात जास्त पानं रक्तावर खर्च केली आहेत. आठव्या महिन्यातली एक पहिलटकरीण पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. ओठ पांढरे, जिना चढून आली तर धाप लागलेली. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ६.८. गरोदर बाईचं रक्त ११च्या खाली गेलं की पंडुरोग म्हणायचा, आणि ७च्या खाली गेलं की गंभीर. "लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या ना?" "हो." "घेतल्या?" तिनं सासूकडे बघितलं. सासूबाईंनी कापडी पिशवीतून पाकिटं काढून माझ्या टेबलावर एकाखाली एक मांडली. बारा पाकिटं. त्यातलं एकच फोडलेलं, चार गोळ्या गेलेल्या. "ह्या गोळ्यांनी बाळ काळं होतं म्हणतात," सासूबाई म्हणाल्या, "आणि हिला शी पण काळी होत होती." दुसरी गोष्ट खरी आहे. अंगात न शोषलेलं लोह बाहेर पडतं, म्हणून शौचाला काळं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ही एवढी एक ओळ गोळ्या देताना कुणी तिला सांगितली असती तर ती बारा पाकिटं घरात साठली नसती. सासूबाईंवर मी चिडले नाही. काळी शी बघितल्यावर कुणीही गोळी बंद करेल.

एचबीचा हा आकडा एवढा का महत्त्वाचा, ते बाळंतपणाच्या खोलीत कळतं. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. बाळ बाहेर येतं, वार सुटते आणि वार जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्या बंद करायला तिथे टाके घालता येत नाहीत. गर्भाशयाचा स्नायूच आवळून येतो आणि त्याच्या विणीत त्या वाहिन्या चिमटल्या जातात. नारळाएवढा घट्ट गोळा हाताला लागला की आमचा जीव भांड्यात पडतो. स्नायू ढिला राहिला तर मात्र पोटावर चोळणं, इंजेक्शनं, रक्ताच्या पिशव्या, प्रसंगी ऑपरेशन, आणि सगळं घड्याळाशी शर्यत लावून. अंगात रक्त असलेली बाई अर्धा-पाऊण लिटर गेलं तरी सोसते. एचबी ६.८ असलेली सोसत नाही. त्या मुलीला आधी रक्त चढवलं, मग तिचं बाळंतपण साधं झालं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के बायका पंडुरोगी असल्याचं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. गुळाची ढेप आणि बीट खाऊन हे भरून निघत नाही. तिसरा महिना संपला की रोज एक गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चालेल, चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच.

रक्तदाबाचं प्रकरण त्याच्या खालोखाल मोठं आहे. पायांवर सूज सगळ्यांनाच येते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पण डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात कळ, ह्यांतलं काहीही असेल तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. १४०/९०च्या वर दाब आणि लघवीत प्रथिनं म्हणजे झटक्यांची पूर्वसूचना. मॅग्नेशियम सल्फेट नावाचं साधं, स्वस्त औषध झटक्यांचा धोका निम्म्यावर आणतं, पण ते दवाखान्यात पोहोचलेल्या बाईला. घरात कुणी 'बाहेरची बाधा' म्हणून लिंबू उतरवत बसलं तर औषध कपाटातच राहतं. आता असं कमी होतं. राज्यात लाख जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३वर आले. ह्याचं श्रेय आशाताई, रुग्णवाहिका, रक्तपेढ्या आणि रात्री-अपरात्री उठणारी माणसं, सगळ्यांचं आहे. लाखामागे उरलेल्या ह्या ३३ जणींपैकी बऱ्याच अजूनही वाटेत किंवा उशिरा पोहोचल्यानं मरतात.

सिझरवर मी काय लिहिणार याची माझ्या व्यवसायबंधूंना उत्सुकता असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात सरकारी दवाखान्यांत शंभरातली चौदा बाळंतपणं सिझरनं होतात आणि खाजगीत सत्तेचाळीस. अवघड केसेस खाजगीकडे जास्त येतात म्हणावं, तर उलट आहे. अडलेल्या बायका शेवटी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातच पाठवल्या जातात. काही सरकारी दवाखान्यांत भूलतज्ज्ञ नाही म्हणून हवं ते सिझर होत नाही, आणि काही खाजगी दवाखान्यांत नको ते होतं. मुहूर्त काढून आणणारी कुटुंबंही आहेत. गुरुपुष्यामृतावर बाळ हवं म्हणून दीड आठवडा आधी पोट फाडायला सांगणारी. मी नकार देते. मग ती पुढच्या गल्लीत जातात.

बाळंतपणानंतरच्या प्रकरणाला मी 'सव्वा महिना' असं नाव दिलं आहे. जुन्या बायकांनी हा आकडा कुठून आणला माहीत नाही, पण वैद्यकशास्त्रही मातामृत्यूचा हिशोब बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांपर्यंत धरतं, म्हणजे फार फरक नाही. त्या सव्वा महिन्यात शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाची मालिश सगळं साग्रसंगीत होतं. आईचा रक्तदाब बघायला मात्र कुणी आणत नाही. रात्ररात्र रडणाऱ्या बाळंतिणीला 'दृष्ट लागली' म्हणतात. तिला बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहे, हे तिच्या आईलाही सांगावं लागतं.

इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते संशोधन छापून आलं तेव्हा जगाचे डोळे उघडले. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त विकार. आणि आधी कधी कुणी आतून तपासलेल्या बायका शंभरात अवघ्या आठ. तोवर 'खेड्यातल्या बाईचं आरोग्य' म्हणजे गरोदर बाई आणि कुटुंबनियोजन एवढंच समजलं जायचं. राणीताईंचं 'कानोसा' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी माझं पुस्तक बाजूला ठेवून आधी ते वाचलं तरी चालेल.

'पांढरं जातं' हे त्या ब्याण्णवांतलं नेहमीचं गाऱ्हाणं. थोडं पांढरं जाणं शरीराचा धर्म आहे. वास, खाज, रंग बदलला तर तो संसर्ग, आणि बहुतेक वेळा आठवड्याच्या औषधानं बरा होणारा. पण बाई लाजेनं वर्षं काढते, आणि मग कुणीतरी तिला सांगतं, "पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." हे वाक्य मी माझ्या खोलीत इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं आहे की ते कुठे छापून वाटतात की काय असं वाटावं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं काय झालं ते २०१९ साली देशानं वाचलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. खाडा झाला की पैसे कापले जाणार. फडात ना आडोसा ना पाणी. अशा बाईला पाळीचे चार दिवस म्हणजे तोटाच. सरकारी समितीनं सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत पस्तिशीच्या आतल्याही होत्या. पिशवीबरोबर बीजांडं काढली तर तिशीतच म्हातारपण सुरू होतं, हाडं ठिसूळ होतात. ती ठेवली तरी पाळीनंतरचा काळ लवकर येऊ शकतो. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे. पिशवी काढणं हा काही वेळा योग्यच उपाय असतो, मी स्वतः शेकडो काढल्या आहेत. पण तो पहिला उपाय नव्हे. तुम्हाला कुणी पहिल्याच भेटीत तारीख देत असेल तर कागद घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा. माझ्याकडून जात असलात तरी जा.

ज्या कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढल्या जातात त्याची खरी तपासणी किती सोपी आहे, हे आपल्याच मातीत सिद्ध झालं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानं आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलनं परदेशी संस्थेच्या साथीनं एक लाख तीस हजारांवर बायकांचा अभ्यास केला. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण असलेल्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा झालेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, असं २००९ साली प्रसिद्ध झालं. मुंबईच्या वस्त्यांमध्ये तर दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साधारण स्वयंपाकातलं व्हिनेगर, लावून तपासलं, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. ह्या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी ज्या बायकांची तपासणी झालीच नाही त्यांच्यावरून नंतर वाद झाला, आणि तो रास्त होता. पण तिशी ओलांडलेल्या बाईनं दोन मिनिटांची ही तपासणी करून घ्यावी याबद्दल वाद नाही. मुलींसाठीची लस आता पुण्यातच बनते, नऊ ते चौदा वर्षांच्या वयात ती सर्वांत चांगली लागू पडते.

आणि एक टाका. चौथ्या-पाचव्या महिन्यात न दुखता, अचानक बाळ निसटून जातं, तेही दर खेपेला, अशा बायकांना पूर्वी नशिबावर सोडून देत. गोव्यातल्या शिरोड्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी ढिल्या पडलेल्या पिशवीच्या तोंडाभोवती टाका घालायची रीत काढली आणि १९५५ साली ती प्रसिद्ध केली. सुरुवातीला टाक्यासाठी ते बाईच्याच मांडीतल्या पापुद्र्याची पट्टी वापरत. आज जगभरच्या प्रसूतिगृहांत त्या टाक्याला शिरोडकरांच्याच नावानं ओळखतात. माझ्या एका रुग्णेची आधीची तीन गेली होती. चौथ्याला टाका घातला, सदतिसाव्या आठवड्यात सोडला. मुलगी आता अकरावीत आहे आणि तिला पाळीच्या दिवसांत पोटात फार दुखतं म्हणून आई तिला घेऊन परवाच आली होती. पोरगी बिचकली नाही. खुर्चीत बसताच म्हणाली, "डॉक्टर, सुट्टी मारावी लागते इतकं दुखतं, हे नॉर्मल आहे का?"

पुस्तकात औषधांची नावं मी फारशी दिलेली नाहीत, दुकानातून आणून घेतली जातील म्हणून. मूल न होण्यावर एकच प्रकरण आहे. त्याला खरं तर वेगळं पुस्तक लागेल, आणि त्यात आधी नवऱ्याच्या तपासणीबद्दल लिहावं लागेल. 'अंग बाहेर येणं' मात्र सविस्तर आहे, कारण ते सोसत सोसत पाणी भरणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या बायका अजून गावोगाव आहेत आणि त्यावर इलाज आहे हेच त्यांना ठाऊक नाही.

शेवटी चार पानं कोरी ठेवली आहेत. पहिल्या दोन पानांवर पाळीच्या तारखा लिहा, लेकीच्याही लिहा. उरलेल्या दोनांवर डॉक्टरला विचारायचे प्रश्न लिहा आणि जाताना पुस्तकच बरोबर न्या. दाराशी जाईपर्यंत थांबू नका. खुर्चीत बसल्या बसल्याच पान उघडून विचारा, बाहेर कितीही रांग असली तरी.